कोल इशा : यहुदी धर्मशास्त्र आणि गाणारी स्त्री

'कोल इशा' हे दोन हिब्रू शब्द. अर्थ 'स्त्रीचा आवाज'. यहुदी धर्मशास्त्रात, म्हणजे हलाखात, ते एका जुन्या वादाचे नाव झाले आहे. पुरुषाने परस्त्रीचे गाणे ऐकावे का, आणि ते त्याच्या कानावर पडू नये म्हणून तिने गाणेच सोडावे का, हा तो वाद. कर्मठ यहुदी घरांत आजही परपुरुषांसमोर बाई गात नाही. अमेरिका-युरोपातल्या अनेक सिनेगॉगांत, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरांत, मात्र प्रार्थना गाणारा हज्जान ही स्त्री असते. यहुदी गायिकांचा, वादक आणि संगीतकार स्त्रियांचा इतिहास या दोन टोकांच्या मधल्या जागेत घडला. त्या जागेची आखणी तिसऱ्या शतकातल्या एका तीन शब्दी विधानाने केली.

विधान आणि त्याची जागा

बाबिलोनी तालमूद या धर्मचर्चांच्या ग्रंथाच्या 'बेराखोत' या भागात, चोविसाव्या पानावर, 'शेमा'ची चर्चा चालू आहे. शेमा म्हणजे देव एकच आहे अशी रोज सकाळ-संध्याकाळ द्यायची कबुली. ती म्हणताना समोर नग्नता असू नये, असा दंडक आहे. मग नग्नता कशाला म्हणावे, असा प्रश्न निघतो आणि आचार्य एकेक उत्तर देतात. रब्बी इस्हाक म्हणतात, स्त्रीचे चार बोटे उघडे अंगही नग्नताच. रब्बी हिस्दा पायाचे नाव घेतात, रब्बी शेशेत केसांचे. नेहर्दिया नगरीचे शमुवेल आवाजाचे नाव घेतात : स्त्रीचा आवाज ही 'एर्वा', म्हणजे नग्नता. विधान एवढेच आहे.

प्रत्येकाने आपल्या मताला बायबलचा आधार दिला आहे. शमुवेलांनी निवडलेले वचन 'गीतरत्ना'तले, म्हणजे बायबलमधल्या प्रेमकाव्यातले आहे. तिथे प्रियकर कपारीत लपलेल्या प्रेयसीचा आवाज ऐकण्यासाठी तिची मनधरणी करतो, कारण तो आवाज त्याला गोड लागतो. गोड या अर्थाचा हिब्रू शब्द 'आरेव'. कानाला तो 'एर्वा'च्या जवळचा लागतो. बंदीला आधार म्हणून घेतलेले वचन मुळात आवाज ऐकू यावा म्हणून केलेले आर्जव आहे. पुढच्या अनेक भाष्यकारांच्या अडचणीचे मूळ इथे आहे.

हेच विधान 'किद्दुशीन' या भागात दुसऱ्या प्रसंगात येते. रब्बी येहुदा यांना रब्बी नहमान यांनी आपल्यासमोर हजर राहायला सांगितले आहे. येहुदा नाराज होऊन येतात आणि यजमानाच्या प्रत्येक शब्दावर शमुवेलांचे एखादे वचन फेकत जातात. शेवटी नहमान सुचवतात, माझ्या पत्नीला, याल्ताला, नमस्कार तरी सांगा. येहुदा उत्तर देतात की स्त्रीचा आवाज ही नग्नता, असे शमुवेलांनी म्हटले आहे. इथे गाणे नाही, शेमा नाही. साध्या नमस्काराला उत्तर म्हणून स्त्रीचा आवाज येईल, एवढ्यावरच आक्षेप आहे. संवादही खडाजंगीचा आहे. त्यामुळे कायदा पहिल्या जागेवरून काढायचा की दुसऱ्या, हा भाष्यकारांपुढचा मुख्य प्रश्न ठरला. पहिली जागा धरली तर बंदी प्रार्थनेपुरती आणि पुरुषाच्या चित्ताची. दुसरी धरली तर ती सर्वकाळची, आणि बोलण्यालाही लागू.

तिसरा उतारा 'सोटा' या भागातला. तिथे रब्बी योसेफ स्त्री-पुरुषांच्या एकत्र गाण्याला हरकत घेतात. पुरुषांनी गायचे आणि स्त्रियांनी साथ द्यायची, हे त्यांना अनिर्बंधपणाचे वाटते. स्त्रियांनी गायचे आणि पुरुषांनी साथ द्यायची, हे तर आगीशी खेळणे. कारण साथ देणाऱ्याला पुढच्याचे गाणे लक्ष देऊन ऐकावे लागते. म्हणजे इथेही धोका ऐकण्यात मानला आहे.

तालमूदातली एक गोष्ट मात्र या तिन्ही उताऱ्यांशी सहज जुळत नाही. 'मेगिला' या भागात म्हटले आहे की सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, वाचण्यासाठी तत्त्वतः स्त्रीलाही बोलावता येते, पण समुदायाचा मान राखण्यासाठी बोलावू नये. तोरा सुरावर वाचली जाते. स्त्रीचा सूर हीच नग्नता असती, तर समुदायाच्या मानाचे कारण पुढे करण्याची गरज नव्हती. विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या उदारमतवादी रब्बींनी या मुद्द्यावर बराच भर दिला आहे.

बायबलमधल्या गायिका

धर्मग्रंथात स्त्रियांचे गाणे पानोपानी आहे. 'निर्गम' ग्रंथात इस्राएली लोक समुद्र ओलांडतात तेव्हा अहरोनाची बहीण मिर्याम हातात डफ घेते आणि सगळ्या स्त्रिया डफ वाजवत, नाचत तिच्या मागे निघतात. ग्रंथ तिला त्याच ठिकाणी संदेष्ट्री म्हणतो. 'शास्ते' ग्रंथातली दबोरा न्यायनिवाडा करणारी. विजयानंतरचे गीत ती सेनापती बाराकाबरोबर गाते. ते हिब्रूतल्या सर्वांत जुन्या काव्यांपैकी एक मानले जाते. शौल आणि दावीद लढाईवरून परततात तेव्हा गावोगावच्या स्त्रिया गात सामोऱ्या येतात, आणि त्यांच्या गाण्यात दाविदाला मिळालेल्या झुकत्या मापामुळे शौलाच्या मनात मत्सर पेटतो. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्यांच्या याद्यांत 'गाणारे आणि गाणाऱ्या' अशी स्वतंत्र नोंद आहे : एज्राच्या यादीत २००, नहेम्याच्या यादीत २४५.

हन्नाची गोष्ट वेगळी. मूल व्हावे म्हणून ती शिलो येथील मंदिरात प्रार्थना करते. ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटते की ती दारू प्यायली आहे. पुढे तालमूदाने प्रार्थना कशी करावी याचे अनेक नियम याच प्रसंगातून काढले : शब्द ओठांनी उच्चारावे, आवाज चढवू नये, मन एकाग्र ठेवावे. पुरुष रोजची मूक प्रार्थना ज्या रीतीने करतात, ती रीत एका स्त्रीची आहे. परंपरा स्त्रीचा न ऐकू येणारा आवाज आदर्श मानत आली आणि ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल साशंक राहिली.

विलापाचा मान

एका ठिकाणी स्त्रीचा आवाज नुसता चालत नव्हता, तो आवश्यक होता. ते ठिकाण म्हणजे मृत्यू. यिर्मया संदेष्टा जेरुसलेमच्या नाशाची चाहूल देताना विलाप करणाऱ्या कुशल स्त्रियांना बोलावून आणायला सांगतो, आणि त्यांनी हा विलाप आपल्या मुलींना व शेजारणींना शिकवावा असेही सुचवतो. म्हणजे ही शिकण्या-शिकवण्याची विद्या होती. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात संकलित झालेल्या मिश्ना या नियमसंग्रहात तिचे नियम आहेत. सगळ्या मिळून गातात तो एक प्रकार, एक सांगते आणि बाकीच्या मागून म्हणतात तो दुसरा; सणाच्या कोणत्या दिवशी कोणता चालेल हेही ठरलेले आहे. बायकोच्या अंत्ययात्रेत अगदी गरिबातल्या गरिबानेही किमान दोन बासऱ्या आणि एक विलापिनी ठेवावी, असे रब्बी येहुदांचे मत तिथे नोंदले आहे. विलापिनीचे गाणे पुरुष ऐकत असत आणि त्याला कोणी नग्नता म्हटल्याचे या नियमांत दिसत नाही.

मध्ययुगातले अर्थ

शमुवेलांच्या विधानाचे कायद्यात रूपांतर करण्याचे काम मध्ययुगीन आचार्यांनी केले. दहाव्या-अकराव्या शतकातले बाबिलोनचे हाय गाओन यांनी विधान शेमापुरते धरले. स्त्री गात असताना पुरुषाने शेमा म्हणू नये. पण तिच्या गाण्याकडे लक्ष जाऊ न देता त्याला प्रार्थनेत मन लावता आले, तर हरकत नाही. तिचे नेहमीचे बोलणे तर मुळीच आड येत नाही.

बाराव्या शतकातले मेट्झ नगरीचे रब्बी एलिएझर यांनी आणखी व्यवहारी भूमिका घेतली. नियम त्यांना मान्य होता. पण आजूबाजूच्या ख्रिस्ती स्त्रियांचे गाणे खिडकीतून कानावर येतच राहणार, आणि तेवढ्यासाठी अभ्यास थांबवला तर तोराचेच नुकसान होईल, म्हणून आपण याबाबतीत तेवढी दक्षता घेत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. त्याच काळात कैरोमध्ये मायमोनिदीस यांनी उलट दिशा धरली. त्यांनी हा विषय प्रार्थनेच्या प्रकरणातून उचलून निषिद्ध स्त्री-पुरुष संबंधांच्या प्रकरणात नेला. जिच्याशी संबंध निषिद्ध, तिचा आवाज सुखासाठी ऐकणेही निषिद्ध.

सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरुख' ही संहिता रचली तेव्हा नियमाला दोन्ही प्रकरणांत जागा मिळाली. शेमाच्या वेळी स्त्रीचे गाणे ऐकण्याचे टाळावे, असे एका ठिकाणी; निषिद्ध संबंधांच्या संदर्भात दुसऱ्या ठिकाणी. पोलंडमधल्या क्राकोचे मोशे इस्सरलीस यांनी त्यावर टीप जोडली की जो आवाज कानाला सवयीचा झाला आहे तो नग्नता ठरत नाही. ही टीप लहान, पण तिने सगळ्या चर्चेला वळण दिले. नग्नता आवाजाचा अंगभूत गुण असती, तर सवयीने ती गेली नसती. ऐकणाऱ्याच्या मनात काय होते यावर ती अवलंबून आहे, आणि मन काळाप्रमाणे व देशाप्रमाणे बदलते, अशी कबुली त्या टिपेत आहे.

भिंतीपलीकडे

बंदीचा परिणाम असा झाला की स्त्रियांचे संगीत स्त्रियांच्या जागेत वाढले. जर्मनीतल्या वर्म्स गावी १२१२-१३ मध्ये सिनेगॉगला लागून स्त्रियांसाठी वेगळी इमारत बांधली गेली. मध्ये भिंत होती. पलीकडची प्रार्थना अलीकडे नीट पोहोचावी, तर अलीकडे कोणीतरी ती चालवायला हवी. याच गावात १२७५ साली वारलेल्या युरानिया नावाच्या स्त्रीच्या थडग्यावरचा लेख टिकून आहे. तिचे वडील अब्राहाम हे सिनेगॉगच्या गायकांचे प्रमुख होते. तीही स्त्रियांपुढे प्रार्थनागीते गात असे, असे त्यात अभिमानाने कोरले आहे. शिलालेखात कोरून ठेवण्याइतका हा मान समाजाला महत्त्वाचा वाटला होता.

तिच्याही आधी त्याच गावात डुल्सिया राहत होती, रब्बी एलाझार यांची पत्नी. ११९६ मध्ये घरात शिरलेल्या हल्लेखोरांनी तिला आणि तिच्या दोन मुलींना ठार केले. नवऱ्याने लिहिलेल्या शोकगीतात तिचा दिवस उभा राहतो : ती सूत कातून घर चालवी, नववधूंना सजवी, आणि दुसऱ्या गावांतल्या बायकांनाही प्रार्थनागीते शिकवी. पूर्व युरोपात पुढे अशा स्त्रीला यिद्दिश भाषेत 'झोगेरिन' म्हणत. हिब्रू न येणाऱ्या बायकांपुढे ती प्रार्थना सांगे आणि त्या तिच्यामागून म्हणत.

१४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या यहुद्यांनी लादिनो भाषेतली कथागीते ऑटोमन साम्राज्यात नेली. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली प्रामुख्याने स्त्रियांमुळे. पाळणा, लग्न, मृत्यू या तिन्ही प्रसंगी त्या गात, हातात डफासारखे पांदेरो वाद्य असे. येमेनमध्ये तर संगीताची वाटणीच झाली. पुरुषांचा 'दिवान' हिब्रू, अरामी आणि अरबीमिश्रित, लिहिलेला, भक्तिपर. स्त्रियांची गाणी बोली अरबीतली, तोंडी. लग्नाची, विरहाची, सवतीची. साथीला ढोल आणि तांब्याची परात. पुरुषांच्या गाण्यात देवाची ओढ असे, बायकांच्या गाण्यात रोजचा संसार.

कोची आणि कोकण

केरळमधल्या कोचीच्या यहुद्यांनी वेगळी वाट धरली. तिथल्या स्त्रिया मल्याळम भाषेत बायबलमधल्या कथा, लग्नविधी, सिनेगॉग बांधल्याच्या आठवणी गात. लग्नात आणि सणांत टाळ्यांच्या तालावर, गोल फिरत, पुरुषांच्या देखत गात. हिब्रू स्तोत्रेही पुरुषांबरोबर म्हणत. या समाजात शास्त्राचे ज्ञान कमी नव्हते, पण कोल इशाची बंदी तिथे या रूपात रुजली नाही. आजूबाजूच्या समाजातही स्त्रियांनी समूहाने गाणे-नाचणे रूढ होते. इस्सरलीस यांच्या भाषेत सांगायचे तर तो आवाज कानाच्या सवयीचा होता. या गाण्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आईकडून, आत्याकडून मुलीकडे जात. प्रत्येक जण आपल्या वहीत उतरवून घेई. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्राएलला गेला, वह्याही गेल्या. २००५ मध्ये जेरुसलेमच्या बेन-झ्वी संस्थेने या गाण्यांचा संग्रह हिब्रू अनुवादासह प्रसिद्ध केला. संपादक होते स्कारिया झकारिया आणि ओफिरा गमलियेल.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची कहाणी शेमाशीच जोडलेली आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवार पाळणारे हे 'शनवार तेली' बाकीच्या हिब्रू प्रार्थना विसरले होते, पण शेमा त्यांच्या तोंडी राहिला आणि प्रत्येक विधीत तोच म्हटला जाई, अशी त्यांची परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने मराठी कीर्तनाचा साचा उचलला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी वृत्तांत रचली गेली. मुंबईत कीर्तने होत, कीर्तनकार पुरुष असत. विसाव्या शतकात कीर्तने ओसरली. त्यांतली पदे मात्र बायकांनी वह्यांत उतरवून, मेंदीच्या रात्री आणि घरगुती समारंभांत गाऊन जपली. मुंबई-ठाण्यात आणि इस्राएलमध्ये जे मराठी यहुदी संगीत आज ऐकू येते, त्यातला मोठा वाटा त्यांच्या गळ्याचा आहे.

एकोणिसावे शतक : दुसरी बंदी

युरोपात यहुद्यांना नागरी हक्क मिळू लागले तसा सिनेगॉगचा चेहरा बदलला. सुधारणावाद्यांचे मंदिर १८१८ मध्ये हँबर्गला उघडले. ऑर्गन आला, पुढे स्त्री-पुरुषांचे मिश्र वृंदही आले. त्याला विरोध म्हणून कर्मठ पक्षाने कोल इशाचा अर्थ आवळला. प्रेसबर्गचे मोशे सोफेर हे या पक्षाचे अग्रणी होते. १८६५ मध्ये त्यांच्या परंपरेतल्या हंगेरीतील रब्बींनी मिखालोव्हत्से येथे जमून ज्या सिनेगॉगमध्ये गायकवृंद आहे तिथे पाऊल टाकू नये असा निवाडा दिला. एकेकाळी प्रार्थनेतल्या एकाग्रतेचा असलेला नियम आता दोन पंथांमधली सीमारेषा झाला.

याच काळात बर्लिनच्या सुखवस्तू यहुदी घरांत मुलींना उत्तम संगीतशिक्षण मिळत होते. सारा लेव्ही (१७६१–१८५४) ही विल्हेल्म फ्रीडमान बाखची शिष्या. योहान सेबास्टियन बाखचे संगीत बाजूला पडले होते तेव्हा ती ते वाजवत राहिली आणि त्याच्या हस्तलिखितांचा संग्रहही करत राहिली. तिची नात लागणारी फानी मेंडेल्सझोन (१८०५–१८४७) हिने साडेचारशेहून अधिक रचना केल्या. ती तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सझोन यांची नात, पण १८१६ मध्येच तिचा ख्रिस्ती बाप्तिस्मा झाला होता. १८२० मध्ये वडिलांनी तिला पत्रातून समज दिली की संगीत हा भावाचा, फेलिक्सचा, पेशा होऊ शकेल. तिच्यासाठी तो दागिनाच राहील. तिची काही गाणी फेलिक्सच्या नावाने छापली गेली. त्यांतलेच एक इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४२ मध्ये त्याचे म्हणून कौतुकाने गायले, आणि ते बहिणीचे असल्याचे त्याला सांगावे लागले. १८४६ मध्ये तिने स्वतःच्या नावाने पहिली गाणी छापली. पुढच्याच वर्षी ती गेली. तिचा 'ईस्टर सोनाटा' एकविसाव्या शतकापर्यंत फेलिक्सचा समजला जात होता.

फानीला गप्प बसवणारा नियम तालमूदातला नव्हता. कोल इशा गळ्याबद्दल बोलते. वाद्य वाजवण्याबद्दल किंवा संगीत रचण्याबद्दल ते विधान काहीच म्हणत नाही. तिला अडवले ते उच्चभ्रू जर्मन घराच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेने. यहुदी स्त्रीसंगीताच्या इतिहासातली प्रत्येक मुस्कटदाबी धर्माच्या खात्यावर मांडता येत नाही.

रेडिओ, तबकडी आणि व्यासपीठ

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंपल इमान्यू-एल या सुधारणावादी सिनेगॉगचा हज्जान १८८४ मध्ये वारला आणि ऑपेरागायिका ज्यूली रोझवाल्ड हिला त्याच्या जागी उभे केले गेले. तात्पुरती सोय म्हणून आलेली रोझवाल्ड १८९३ पर्यंत गात राहिली. तिला पदवी नव्हती, दीक्षा नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत 'खझंते', म्हणजे स्त्री-हज्जान, ही नवी गायिका पुढे आली. सोफी कुर्ट्झर, फ्रायडेले ऑयशर, 'शेइंदेले दी खझंते' या नावाने गाजलेली फिलाडेल्फियाची जीन गॉर्निश या त्यांतल्या काही. कर्मठ सिनेगॉगमध्ये त्यांना प्रवेश नव्हता. त्या हज्जानच्या ठेवणीतल्या प्रार्थना नाट्यगृहात, रेडिओवर आणि तबकड्यांवर गायल्या. जो भक्त शनिवारी त्यांना सिनेगॉगमध्ये ऐकू शकत नव्हता, तो आठवड्यात घरी बसून ऐकू शकत होता.

यंत्रातून आलेल्या आवाजाने शास्त्रापुढे नवा प्रश्न टाकला. इस्राएलचे रब्बी ओवाडिया योसेफ (१९२०–२०१३) यांनी रेडिओवरच्या गायिकेचा चेहरा ऐकणाऱ्याला माहीत नसेल तर ऐकायला मुभा दिली. हा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. आवाज तोच, गाणे तेच. फरक फक्त ऐकणाऱ्याच्या कल्पनेत. हायिम हिज्कियाहू मेदिनी (१९०४ मध्ये निधन) यांनी आपल्या 'स्दे हेमेद' या कोशात आणखी एक मत नोंदले होते : देवाची स्तुती, अंगाई आणि मृताचा विलाप या गाण्यांना बंदी लागू नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर रब्बी येहिएल याकोव्ह वाइनबर्ग यांच्याकडे फ्रान्समधल्या 'येशुरुन' या युवक संघटनेने विचारणा केली. तिथे मुले-मुली एकत्र धार्मिक गाणी म्हणत. वाइनबर्ग यांनी जर्मनीतल्या कर्मठ रब्बींच्या वहिवाटीचा दाखला देऊन परवानगी दिली. या मुलींना गप्प बसवले तर त्या समाजापासून दूर जातील, हे कारणही त्यांनी लपवले नाही.

मेदिनींच्या यादीतले दोन प्रकार, अंगाई आणि विलाप, इल्झे वेबरच्या गाण्यांत एक झाले. ती टेरेझिनच्या छळछावणीत मुलांच्या दवाखान्यात परिचारिका होती. गिटारवर स्वतः रचलेली गाणी आजारी मुलांना ऐकवी. ऑक्टोबर १९४४ मध्ये ती ऑश्विट्झला मारली गेली. जिवंत राहिलेल्या नवऱ्याने गाणी लपवून ठेवली होती, म्हणून ती आज गायली जातात.

सुधारणावादी पंथाने १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड हिला हज्जान म्हणून रीतसर दीक्षा दिली. मध्यममार्गी कन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९८७ मध्ये दोन स्त्रियांना. संगीतकार स्त्रियांनाही सिनेगॉगचे दार उघडले. मिरियम गिडियन हिने १९७० च्या सुमारास क्लीव्हलँडच्या एका सिनेगॉगसाठी संपूर्ण उपासनेचे संगीत रचले. डेबी फ्रीडमन (१९५१–२०११) गिटार घेऊन आली आणि तिने आजाऱ्यांसाठीच्या जुन्या प्रार्थनेला लोकसंगीताच्या ढंगाची चाल दिली. ती अमेरिकेतल्या असंख्य सिनेगॉगांत रुळली. जिला स्वरलिपी वाचता येत नव्हती तिचेच नाव तिच्या निधनानंतर हज्जान घडवणाऱ्या न्यूयॉर्कच्या विद्यालयाला दिले गेले. स्त्रीने बांधलेली चाल पुरुषाने गाण्याला कर्मठांचीही हरकत नसते.

आजच्या भूमिका

इस्राएलमध्ये वाद सिनेगॉगच्या बाहेर पडला, कारण तिथे समाजाचे समूहगानच स्त्रियांच्या आवाजात घडले. नाओमी शेमेर (१९३०–२००४) हिने १९६७ मध्ये रचलेले जेरुसलेमवरचे गीत जवळजवळ राष्ट्रगीताच्या पंक्तीला बसले. पहिल्यांदा ते शुली नातान या तरुणीने गायले. येमेनी आईबापांची मुलगी ओफ्रा हाझा (१९५७–२०००) हिने 'इम निनआलू' हे सतराव्या शतकातल्या शालोम शबाझींच्या नावावरचे काव्य गायले आणि १९८८ मध्ये ते युरोपभर वाजले. येमेनमध्ये हा पुरुषांच्या दिवानाचा भाग होता. आईच्या पिढीने ज्याला हात लावला नसता, ते पद मुलीने जगाला ऐकवले.

२०११ मध्ये इस्राएली सैन्यातले काही धार्मिक प्रशिक्षणार्थी अधिकारी गायिका गाऊ लागताच समारंभातून उठून गेले आणि त्यांतल्या काहींना अभ्यासक्रमातून काढले गेले. त्यावरून देशभर वाद पेटला. श्रद्धेने उठून जाण्याचा हक्क आणि सार्वजनिक मंचावर गाण्याचा हक्क यांतला मोठा कोणता, असा तो वाद होता.

आज ढोबळमानाने तीन भूमिका दिसतात. पहिली, हरेदी म्हणजे अतिकर्मठ समाजाची : परपुरुषापुढे गाणे नाही. या समाजात फक्त स्त्रियांसाठी मैफली होतात, ध्वनिमुद्रिकांवर तशी सूचना छापतात, आणि त्या चौकटीत गायिका, संगीतकार तयार झाल्या, अगदी हसिदी पंथातल्या स्त्रियांचा रॉक बँडसुद्धा होऊन गेला. दुसरी, आधुनिक कर्मठांची : भक्तिगीते, समूहगान, सवयीचा आवाज यांना सूट. जेरुसलेममध्ये २००२ पासून चालणाऱ्या 'शिरा हदाशा' या मंडळीत स्त्री-पुरुषांमध्ये पडदा आहे, पण प्रार्थनेचे काही भाग पडद्याच्या स्त्रियांकडील बाजूने स्त्रिया चालवतात. तिसरी, उदार पंथांची : विधान त्या काळाच्या सामाजिक रीतीचे होते, आज ते बंधनकारक नाही.

यांतली कोणती भूमिका शास्त्राला धरून आहे, हे प्रत्येक पंथ आपापल्या आचार्यांच्या आधारे ठरवतो. मूळ उतारे क्रमाने वाचले तर एवढे मात्र दिसते की शमुवेलांपासून ओवाडिया योसेफ यांच्यापर्यंत जवळजवळ प्रत्येक निर्णय ऐकणाऱ्या पुरुषाच्या चित्ताचा विचार करतो : तो प्रार्थनेत आहे का, त्याला सवय आहे का, त्याने चेहरा पाहिला आहे का. गाणाऱ्या स्त्रीच्या मनात काय आहे, हा प्रश्न मेदिनींनी नोंदलेल्या मतासारखे थोडे अपवाद सोडले तर विचारलेला दिसत नाही. बंधन ऐकणाऱ्यावर घातले गेले आणि पाळावे लागले गाणारीला. गेल्या दीडशे वर्षांतला बदल म्हणजे हे ओझे ज्याचे त्याच्याकडे परत करण्याचा प्रयत्न आहे.